तारेवरची कथा : जपानची हार्प आणि खान्देशचं तुणतुणं

लग्नकार्य आटोपलं की खान्देशातल्या अनेक घरांत आजही कुलदेवतेचा गोंधळ घालतात. चौक भरतात, दिवटी पेटते, संबळ घुमू लागतं. गोंधळी आधी देवदेवतांना नावं घेऊन गोंधळाला बोलावतो आणि मग आख्यान लावतो. गाणं थांबून गद्य निरूपण सुरू होतं, मधेच प्रश्नोत्तरं होतात, लोक हसतात, पुन्हा गाणं उचललं जातं. या सगळ्या चढउतारांत एक आवाज खंडत नाही, तो तुणतुण्याचा. एकच तार आणि एकच सूर, पण रात्रभराची कथा त्याच्या आधाराने चालते.

युरोप-अमेरिकेत आज असे व्यावसायिक कलावंत आहेत, जे खांद्याशी हार्प टेकवून जपानी लोककथा सांगतात. श्रोत्यांना जपानी भाषा येत नसते आणि जपानचे देव, भुतं, ऋतू त्यांना ठाऊक नसतात. तारा बोलू लागल्या की मात्र ते कथेत शिरतात. हा हार्पवादक आणि आपला गोंधळी एकमेकांना ओळखत नसले, तरी त्यांचा धंदा एक आहे. परंपरेतली कथा तारेच्या सुरावर तोलून श्रोत्यांपर्यंत पोचवायची.

या धंद्याचा इतिहास जळगाव-धुळ्याच्या वाचकाला आपलासा वाटेल असा आहे, कारण त्याचे बरेच धागे सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतून जातात. आणि अशी कथा कशाने टिकते व कशाने मरते, याचं उत्तरही त्याच इतिहासात आहे.

हार्प ओळखायची कशी?

सतार, तंबोरा, व्हायोलिन या वाद्यांच्या तारा वाद्याच्या पृष्ठभागाला समांतर धावतात. मधे घोडी असते आणि तारेचं कंपन घोडीमार्फत भोपळ्याला किंवा लाकडी पेटीला मिळतं. हार्पची रचना वेगळी आहे. तिची तार ध्वनिपेटीच्या पृष्ठभागातूनच उगवते आणि कोन करून वर जाते. मधे घोडी नाही. तार छेडली की ती पृष्ठभागालाच खेचते आणि सोडते. प्रत्येक तारेला एकच सूर, म्हणून जितके सूर हवेत तितक्या तारा.

आजची मोठी पाश्चात्त्य हार्प ४७ तारांची आणि सात पेडलांची असते. पायाने पेडल दाबून तारेचा सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढवण्याची तिची यंत्रणा पॅरिसच्या सेबास्तियाँ एरार यांनी १८१० मध्ये पूर्णत्वाला नेली. कथा सांगणारे बहुधा लहान हार्प पसंत करतात. तिच्यात प्रत्येक तारेपाशी एक छोटी कळ असते, ती फिरवली की सूर अर्धा स्वर चढतो. ती उचलून कुठेही नेता येते.

आता तुणतुणं जवळून पाहा. लाकडाचं किंवा पत्र्याचं एक उभं नळकांडं, खालून चामड्याने मढवलेलं, वरून उघडं. बाजूला एक काठी पक्की केलेली आणि काठीच्या शेंड्याला खुंटी. चामड्याच्या मधोमध बारीक भोक पाडून तार ओवलेली असते. ती नळकांड्याच्या पोटातून सरळ वर निघते आणि खुंटीला गुंडाळली जाते. लाकडाच्या लहानशा तुकड्याने ती छेडतात. म्हणजे इथेही घोडी नाही आणि तार थेट चामड्याला खेचते. वाद्यांचं वर्गीकरण करणाऱ्यांना तुणतुणं तंतुवाद्यांत घालावं की चर्मवाद्यांत, असा प्रश्न पडतो तो यामुळेच. तुणतुणं हार्पपासून जन्मलं असा कुणाचा दावा नाही. पण ध्वनिपृष्ठातून थेट उठणारी तार हे हार्पचं मुख्य लक्षण गोंधळ्याच्या हातातही दिसतं.

आपली जुनी वीणा

हार्प हे विलायती वाद्य, असा आपला समज आहे. पण प्राचीन भारतात वीणा म्हणत ते वाद्य बहुतेक वेळा धनुष्याकृती हार्पच होतं. सातपुड्यातच, पचमढीच्या परिसरातल्या चित्रित शिलाश्रयांमध्ये असं वाद्य वाजवणारी माणसं रंगवलेली आहेत. मळवलीजवळच्या भाजे लेण्यात, इ.स.पूर्व काळातल्या प्रसिद्ध शिल्पपटात, राजासमोर नाच चालला आहे आणि शेजारी हार्प वाजते आहे. सांची आणि अमरावतीच्या शिल्पांतही ती आहे. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताने तर आपल्या एका सुवर्णनाण्यावर स्वतःला आसनावर बसून, मांडीवर धनुष्याकृती वीणा घेऊन वाजवताना कोरवून घेतलं. लढायांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सम्राटाला आपली ही ओळखही घराघरांत जावी असं वाटलं, यावरून त्या वाद्याची प्रतिष्ठा कळते. नाट्यशास्त्रात सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची अशा दोन वीणा सांगितल्या आहेत. चित्रा बोटांनी वाजवायची, विपंची कोणाने, म्हणजे नखीसारख्या साधनाने.

पुढच्या काही शतकांत ही वीणा शिल्पांतून दिसेनाशी होते आणि दांड्याची, पुढे पडद्यांची वीणा तिची जागा घेते. याचं सर्वांत पटणारं कारण संगीतातच आहे. हार्पच्या एका तारेवर एकच स्वर मिळतो. दांड्याच्या वीणेवर तीच तार दाबून, ओढून अनेक स्वर काढता येतात. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची, स्वर आंदोलित करण्याची सोय मिळते. रागसंगीताला मींड आणि गमक हवी होती. ती देणारं वाद्य टिकलं, न देणारं मागे पडलं.

दरबारातून ती गेली तरी जंगलात मात्र राहिली. मध्य प्रदेशातल्या मंडला भागात गोंडांचे परधान भाट आहेत. गोंड कुळांच्या वंशावळी आणि देवकथा गाणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि ठरावीक यजमान कुटुंबांकडे फेरी करून मिळणारं दान हे त्यांचं उत्पन्न. त्यांचं मुख्य वाद्य ‘बाना’, म्हणजे गजाने वाजवायचं सारंगीसारखं वाद्य. पण काही परधान ‘बीन-बाजा’ नावाची पाच तारांची धनुष्याकृती हार्प वाजवत. अमेरिकी संगीत-अभ्यासक रॉडरिक नाइट यांनी १९८५ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला, तेव्हा भारतातून नाहीशी झाली असं मानलं जाणारं वाद्य कथागायकांच्या हाती जिवंत असल्याचं अभ्यासकांपुढे आलं. परधानांवरचं पहिलं मोठं पुस्तक त्याआधीच, १९४६ मध्ये, शामराव हिवाळे या मराठी माणसाने लिहिलं होतं. व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर ते त्याच भागात राहून काम करत होते.

राजाने नाण्यावर मिरवलेलं वाद्य अखेर कथा सांगणाऱ्यांनी सांभाळलं. 

वाघूरच्या काठावरून नाराकडे

अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालणारी वाघूर नदी पुढे उत्तरेला वाहत जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. जळगावला पाणी देणारं धरण तिच्यावरच आहे. ज्या डोंगरात ती वळते, तिथल्या भिंती कथांनीच भरलेल्या आहेत. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा, त्यांतले राजे, हत्ती, व्यापारी, गंधर्व, अप्सरा. रंगांनी मांडलेलं हे आख्यानच आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आणि भिक्खूंबरोबर या कथा मध्य आशिया आणि चीनमार्गे पूर्वेला गेल्या. वाद्यंही त्याच वाटांनी गेली. ब्रह्मदेशात धनुष्याकृती हार्प पोचली ती आजवर टिकली आहे. नावेच्या आकाराची, हरणाच्या कातड्याने मढवलेली ‘साऊंग’ आज तिथलं राष्ट्रीय वाद्य मानली जाते आणि संगीतशाळांत शिकवली जाते.

याच वाटांच्या दुसऱ्या टोकाला जपान. आठव्या शतकात तिथली राजधानी होती नारा. इ.स. ७५२ मध्ये तिथल्या तोदाइजी मंदिरातल्या कांस्याच्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी झाला आणि त्याचं पौरोहित्य एका भारतीय भिक्खूकडे होतं. त्यांचं नाव बोधिसेन. दक्षिण भारतातून निघून चीनमार्गे ते ७३६ मध्ये जपानला पोचले होते. मूर्तीच्या डोळ्यांत बाहुली रेखण्यासाठी त्यांनी जो कुंचला धरला, त्याला रेशमाची लांबच लांब निळी दोरी बांधली होती. खाली जमलेल्या लोकांनी ती हातात धरली, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळालं. तो कुंचला आणि ती दोरी आजही जपून ठेवलेली आहे. तोदाइजीच्या आवारात शोसोइन नावाचं लाकडी भांडार आहे. सम्राट शोमू यांच्या निधनानंतर ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वस्तू मंदिराला अर्पण केल्या. त्या आणि नंतर भर पडलेल्या हजारो वस्तू या भांडाराने बाराशे वर्षांहून अधिक काळ जपल्या. दरवर्षी शरद ऋतूत राजमुद्रा काढून भांडार उघडतात आणि निवडक वस्तूंचं प्रदर्शन नाराच्या संग्रहालयात भरतं.

कथावाद्यांच्या दृष्टीने त्यातल्या दोन वस्तू महत्त्वाच्या. एक, ‘कुगो’ नावाच्या कोनाकृती हार्पचे अवशेष. दुसरी, पाच तारांची ‘बिवा’. शिसवीसारख्या गडद चंदनी लाकडाची, शिंपल्याच्या जडावाची. तिच्यावर उंटावर बसून वाद्य वाजवणारा एक माणूस जडवला आहे. जपानात उंट नाहीत. वाद्य कोणत्या वाळवंटातून आलं, ते वाद्यावरच नोंदलेलं आहे. पाच तारांच्या या प्रकाराचं मूळ भारतात असावं असं मानतात आणि त्या काळातला हा जगातला एकमेव शाबूत नमुना आहे.

आपली सरस्वतीही याच वाटेने तिकडे गेली. सुवर्णप्रभास सूत्राबरोबर ती चीनमधून जपानला पोचली आणि ‘बेन्झाइतेन’ झाली. तिच्या हातात वीणेऐवजी बिवा आली. एनोशिमा, चिकुबुशिमा अशा बेटांवर तिची देवळं आहेत. नदीची देवी म्हणून पाण्याजवळची जागा तिला तिथेही मिळाली.

आंधळ्या कथेकऱ्यांची बिवा

बाराव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये हेइके आणि गेन्जी या दोन घराण्यांत मोठं युद्ध झालं. ११८५ मध्ये दान-नो-उरा इथल्या सागरी लढाईत हेइके बुडाले, त्यांच्याबरोबर लहानगा सम्राट आन्तोकूही. या युद्धाची कथा गावोगाव नेली ती ‘बिवा होशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंधळ्या गायकांनी. डोक्याचं मुंडण, अंगावर भिक्षूचा वेश आणि हातात बिवा. प्रसंग गद्यासारखा सांगायचा, भावनेची जागा आली की गाऊ लागायचं, लढाई आली की तारांवर नखीचे फटकारे मारायचे. गोंधळाचं आख्यान ऐकलेल्या माणसाला ही रीत ओळखीची वाटेल. हेइके-कथेचा आरंभच श्रावस्तीच्या जेतवन विहाराच्या घंटेच्या उल्लेखाने होतो, म्हणजे जपानच्या महाकथेचं दार भारतातल्या विहारात उघडतं.

या गायकांचा स्वतःचा संघ होता, त्यात पदव्या होत्या, गुरूपासून शिष्याकडे पाठ जात असे. १३७१ मध्ये काकुइची या आंधळ्या गुरूने आपला पाठ लिहवून ठेवला. तोच पुढे प्रमाण मानला गेला.

त्यांच्याविषयी जपानात एक कथा घरोघर सांगतात. होइची नावाचा तरुण आंधळा गायक समुद्राकाठच्या मंदिरात राहत असे. एका रात्री एक योद्धा त्याला बोलवायला आला. मोठ्या घरच्या मंडळींना दान-नो-उराची लढाई ऐकायची आहे, असं म्हणाला. होइची रोज रात्री जाऊ लागला आणि श्रोते त्याच्या गाण्यावर धाय मोकलून रडू लागले. मंदिरातल्या सेवकांनी पाठलाग केला तेव्हा तो भर पावसात आन्तोकूच्या समाधीपुढे एकटाच बसून वाजवत होता. श्रोते म्हणजे त्या युद्धात बुडालेल्यांचे आत्मे होते. मंदिराच्या भिक्षूने त्याला वाचवण्यासाठी अंगभर पवित्र सूत्र लिहिलं, म्हणजे आत्म्याला तो दिसणार नाही. कानांवर मात्र लिहायचं राहून गेलं. रात्री आलेल्या योद्ध्याला हवेत फक्त दोन कान दिसले, ते त्याने उपटून नेले. लाफकाडिओ हर्न या लेखकाने १९०४ मध्ये ही कथा इंग्रजीत आणली आणि तेव्हापासून ती जगभर सांगितली जाते.

उलट दिशेने पाहिलं तर आपल्या कथा जपानात रुजलेल्या दिसतात. भुकेल्या अतिथीसाठी स्वतःला आगीत झोकून देणारा जातकातला ससा तिथे चंद्रावर जाऊन बसला आहे. माकडाचं काळीज मागणाऱ्या मगरीची गोष्ट तिथे जेलीफिशची गोष्ट झाली आहे. बाराव्या शतकातल्या ‘कोन्जाकू’ या प्रचंड कथासंग्रहाचा पहिला भागच भारताच्या कथांचा आहे.

परदेशी मंचावर जपानी सूर

जपानी कथा पाश्चात्त्य हार्पवर कशी बसते, हे आपल्याकडच्या संगीताच्या कानाने चटकन समजतं. जपानी पारंपरिक संगीतात पाच स्वरांच्या दोन प्रमुख चौकटी आहेत. एकीत सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल धैवत, म्हणजे आपल्या गुणकलीचे स्वर. ‘साकुरा’ हे प्रसिद्ध गाणं याच चौकटीतलं. दुसरीत सा, रे, म, प, ध हे शुद्ध स्वर, म्हणजे दुर्गाचे. रागाची चाल तिथे नाही, पण स्वर तेच. हार्पच्या तारा तशा जुळवून नको ते दोन स्वर टाळले की सगळी हार्प जपानी चौकटीत येते. मग बोटं कुठेही सरकवली तरी बेसूर होत नाही, आणि वादकाचं लक्ष कथेकडे राहतं. समुद्र हवा तर सर्व तारांवरून हात फिरवायचा. पाऊस हवा तर वरच्या तारा नखाने टोचायच्या. भय हवं तर खालची एक तार छेडून ती विरेपर्यंत गप्प राहायचं.

जपानचं स्वतःचं मोठं तंतुवाद्य म्हणजे तेरा तारांचं कोतो. अंध वादक-रचनाकार मिचिओ मियागी यांनी १९२९ मध्ये कोतो आणि शाकुहाची बासरीसाठी वसंतातल्या समुद्रावर ‘हारु नो उमी’ ही रचना केली. जगात ती आज बासरी आणि हार्प यांच्या जोडीवरही वारंवार वाजते. कोतोची तार आणि हार्पची तार एकमेकींची जागा सहज घेतात, हे त्यातून सिद्ध झालं. कथागायनाची बिवाही सातासमुद्रापार गेली. तोरू ताकेमित्सू यांच्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’ या रचनेत १९६७ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदासमोर बसून त्सुरुता किन्शी या बाईंनी बिवा वाजवली. ज्या वाद्यावर आंधळे भिक्षू गावोगाव युद्धकथा गात, ते अमेरिकेतल्या सर्वांत प्रतिष्ठित मंचांपैकी एकावर उभं राहिलं.

हाताला तार का लागते?

कथा तोंडाने सांगता येते, मग वाद्य कशाला? याचं उत्तर सुचवणारं सर्वांत प्रसिद्ध काम युगोस्लाव्हियात झालं. १९३० च्या दशकात मिल्मन पॅरी आणि त्यांचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी तिथल्या वीरगाथा गाणाऱ्यांचं ध्वनिमुद्रण केलं. त्यांच्या हातात ‘गुस्ले’ नावाचं एका तारेचं वाद्य असे. हे गायक हजारो ओळी पाठ करत नव्हते. त्यांच्याकडे तयार पदबंधांचा आणि प्रसंगांचा साठा होता आणि त्यातून ते गाता गाता कथा नव्याने बांधत होते. वाद्य बाजूला ठेवून नुसती कथा सांगायला लावली की त्यांच्या ओळींची लय तुटायची. तार त्यांना श्वासाला वेळ देत होती, पुढची ओळ जुळवायला उसंत देत होती आणि लयीचं माप हाती ठेवत होती. पश्चिम आफ्रिकेतल्या पिढीजात कथागायकांच्या हाती २१ तारांचा ‘कोरा’ असतो. आपला गोंधळी, किंगरी वाजवणारा नाथजोगी आणि आफ्रिकेतला कोरावादक एकाच कारणासाठी वाद्य बाळगतात.

खान्देशाच्या पश्चिमेला, साक्रीच्या डोंगरपट्ट्यापासून सुरगाणा आणि डांगपर्यंत, कोकणा समाजात तर तारेशिवाय तारेचं काम करून घेणारी थाळीवरची कथा आहे. धातूच्या थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा घट्ट बसवतात आणि त्यात एक वाळकी बारीक काडी उभी रोवतात. कथकरी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत ती काडी धरून वरून खाली सारखी ओढत राहतो. घर्षणाने काडी थरथरते, थरथर मेणातून थाळीत उतरते आणि एक अखंड, खोल गुणगुण उमटते. त्या सुरावर रामकथा चालते, धान्याची देवी कन्सरीची कथा चालते. दोन हात, थाळी आणि काडी एवढ्या सामग्रीवर रात्रभर टिकणारा आधारसूर तयार करणारी ही युक्ती जगातल्या कोणत्याही कथावाद्याच्या शेजारी अभिमानाने मांडावी अशी आहे.

पेटी आणि हात

आता शोसोइनमधल्या त्या हार्पकडे पुन्हा वळू. कुगोचे अवशेष बाराशे वर्षं सुरक्षित राहिले, पण तिचं वादन जपानातून लुप्त झालं. आधुनिक काळात त्या अवशेषांवरून नवी कुगो घडवली गेली, तेव्हा ती कशी वाजवावी, तिच्यावर काय वाजवावं हे सांगणारा एकही गुरू उरला नव्हता. बिवाचं तसं झालं नाही. तिला संघ होता, शिष्य होते, लिहिलेला पाठ होता. पेटीने लाकूड जपलं, पण कला जपली ती हातातून हातात गेलेल्या शिक्षणाने.

आयर्लंडने हे अगदी शेवटच्या क्षणी ओळखलं. १७९२ मध्ये बेलफास्टला जुन्या आयरिश हार्पवादकांचा मेळा भरवला, तेव्हा जेमतेम दहाजण आले, त्यांतले बरेच वृद्ध आणि अंध. एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या मुलाला त्यांच्या चाली टिपून घ्यायला बसवलं. चाली वाचल्या. वादकांची परंपरा मात्र त्या पिढीबरोबर जवळजवळ संपली.

जपून ठेवणं खान्देशाला नवीन नाही. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ मध्ये देह ठेवला, आणि त्यांनी जमवलेली कागदपत्रं तिथल्या संशोधन मंडळाने जपली. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ वाङ्मयाची बाडं गावोगाव हिंडून गोळा केली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरोटावर आणि शेतात त्यांच्या तोंडून निघालेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी कागदावर उतरवल्या नसत्या, तर १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने निघालेलं पुस्तक आज मराठीत नसतं. खान्देशाने कागद जपला आहे, शब्द जपले आहेत. आवाज आणि हात जपायचं काम उरलं आहे. डफावर गायली जाणारी वही, कानबाईदेवीच्या रात्रीची गाणी, तुणतुण्यावरचं आख्यान आणि थाळीवरची कथा यांना कागद पुरत नाही.

परदेशी मंच मिळाला म्हणजे सगळं साधलं, असंही नाही. परधान घराण्यातल्या जनगढसिंह श्याम यांनी पूर्वजांच्या गाण्यांतले देव चित्रांत उतरवले, भोपाळच्या भारत भवनातून त्यांचं नाव जगभर गेलं. २००१ मध्ये जपानच्या निइगाता प्रांतातल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्यांनी आयुष्य संपवलं. त्यानंतर लोककलावंतांना परदेशी कोणत्या अटींवर पाठवतो, तिथे त्यांच्या भाषेचं, सोबतीचं, परतीचं काय, असे प्रश्न भारतात मोठ्याने विचारले गेले. ते आजही विचारलेच पाहिजेत. कलावंताला करार समजेल अशा भाषेत हवा, बरोबर आपलं माणूस हवं आणि मानधन ठरलेलं हवं.

खान्देशात करायचं काम यावरून स्पष्ट होतं. पहिलं म्हणजे, आज गाणाऱ्या गोंधळी, वहीवाले आणि थाळीवाले कथकरी यांचं पूर्ण रात्रीचं दृकश्राव्य मुद्रण. दोन मिनिटांची चित्रफीत त्यासाठी पुरणार नाही. सुरुवातीच्या आवाहनापासून शेवटच्या आरतीपर्यंत सगळं, प्रश्नोत्तरं आणि श्रोत्यांच्या हुंकारांसह. दुसरं, प्रत्येक जाणत्या कलावंतामागे दोन-तीन तरुण शिष्य आणि शिकण्याच्या काळात त्यांना विद्यावेतन. बहिणाबाईंचं नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाला हे शोभेल. तिसरं, वाद्य घडवणाऱ्या कारागिराकडून तुणतुणं कसं मढवतात, तार किती ताणतात, मेण कोणतं वापरतात याची नोंद. चौथं, शाळा. आखाजीच्या सुट्टीआधी एक दिवस वर्गात गोंधळी बोलावला आणि मुलांच्या हाती तुणतुणं दिलं, तर ती तार काय करते हे मुलांना समजावून सांगावं लागणार नाही.

हे झालं तर पुण्यात, मुंबईत किंवा न्यू जर्सीत वाढणारी खान्देशी मुलगी हातात तुणतुणं घेऊन अहिराणीत कानबाईची कथा लावेल आणि समोरच्या अनोळखी श्रोत्यांना ती कळेलही. हार्पवर जपानी कथा ऐकणाऱ्या परदेशी श्रोत्यांनी ते शक्य असल्याचं दाखवून दिलं आहे. जपानला कुगोसाठी गुरू मिळाला नाही. आपल्याकडे गुरू अजून गात आहेत, आणि त्यांच्याकडून शिकून घ्यायची वेळ आज आहे.